दोन सुपाऱ्या, तीन हळकुंडे

मी कल्याण सोडले ते तांदळाच्या पोत्यावर बसून. आगगाडी तेव्हाही होती, पण माझ्या वडिलांचे, म्हणजे अप्पांचे, मत असे की जे वाहन भरती-ओहोटीला विचारत नाही त्यात घरच्या माणसाला बसवू नये. अप्पा बंदरावरच्या एका पेढीत मोडी लिहीत, तेव्हा पेढीच्या मचव्यात मला जागा मिळाली. आईने दशम्यांचे गाठोडे दिले. आत्याने, अप्पांच्या विधवा बहिणीने, आलवणाचा पदर सारखा करत बजावले, "वामन्या, ठाण्याचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस. आणि उकळलंस तरी पिऊ नकोस." बायको बंदरावर नव्हती. सुनेने निरोपाला उंबऱ्याबाहेर येण्याची आमच्याकडे रीत नव्हती. माजघराच्या दाराआडून चार बांगड्या आणि एक अंगठा, एवढीच ती मला निघताना दिसली. मचवा सुटला तसे अप्पा काठावरून ओरडले, "साहेबाची चाकरी कर, पण त्याचे शब्द तिथेच टाकून येऊ नकोस. आठवड्याला एक, अर्थासकट, घरी पाठव."

डोंबिवलीपाशी वारा पडला. शीड मेलेल्या वटवाघळासारखे लोंबू लागले. मग तिथल्या डासांनी ते चारी कोपऱ्यांनी धरले आणि मचवा तासाभरात पारसिकच्या डोंगराखाली आणून सोडला. खोटे वाटत असेल तर नावाड्याला विचारा. तो आता हयात नाही, म्हणूनच विचारा म्हणतो.

तुमच्यापैकी जे पुढे कराचीला गेले, एडनला गेले, ते हसतील, की हा ठाण्याला गेला आणि परदेशाच्या गोष्टी सांगतो. पण बाबांनो, परदेश मैलांवर मोजत नाहीत. ज्या गावात वाटेवरचा एकही माणूस "तू कोणाचा रे?" म्हणून थांबवत नाही, तो परदेश. ठाण्यात पहिल्या आठवड्यात मला कोणीच थांबवले नाही. कचेरीत हेडक्लार्कने एक टेबल दाखवले, त्यावर नकलांचा ढीग ठेवला, आणि मी दुपारपर्यंत जिवंत आहे की नाही याची चौकशीही केली नाही. राहायला तळ्याजवळ एक खोली, जेवायला खाणावळ. तिथल्या आमटीत मी एकदा डाळ पाहिली आणि धक्क्याने दोन दिवस अंथरुणाला खिळलो.

कचेरीत एक जाडजूड डिक्शनरी होती. अप्पांच्या आज्ञेप्रमाणे मी दर शनिवारी तिच्यातला एक शब्द पोस्टकार्डावर लिहून कल्याणला धाडू लागलो. कार्ड उघडे, त्यामुळे अर्थ आधी पोस्टमनला कळे. मग अप्पा वामकुक्षी आटोपून ओसरीवर बसत, आळीतले चार वृद्ध जमत आणि कार्डाचे जाहीर वाचन होई. बायका दाराआडून ऐकत. माझे टपाल म्हणजे आळीची पोथी झाली.

आता खरी गोष्ट सांगतो. मला बायकोला ठाण्याला आणायचे होते. तीन वर्षे झाली होती, आणि सणासुदीला घरी गेलो तरी दिवसाउजेडी तिच्याशी बोलण्याची सोय नव्हती. अप्पांनी मात्र त्याच ओसरीवर चौघांसमक्ष सांगून टाकले होते, "माझ्या हयातीत या घरात दोन चुली होणार नाहीत." चौघांसमक्ष बोललेला शब्द अप्पांनी जन्मात कधी मागे घेतला नव्हता. एकदा आषाढात "आज ऊन पडेल" म्हणाले, तर चिंब भिजत दिवसभर वाळवणाची राखण करत बसले होते.

समोरासमोर बोलायची माझी छाती नव्हती. मग मी डिक्शनरीला कामाला लावले. विलायतेत जे राजकीय पंथ आहेत त्यांचे अर्थ लिहायला घेतले, आणि समजायला सोपे जावे म्हणून आमच्या परसातला शेवगा उदाहरणाला धरला.

कॉन्झर्वेटिव्ह: शेवग्यावरून सुरवंट अंगावर पडतात, तरी झाड आजोबांनी लावले म्हणून त्याच्याखालीच बसून अंग खाजवणारा. असा गृहस्थ आपले पडलेले दातसुद्धा डबीत जपतो.

रॅडिकल: झाड मुळासकट उपटून, मग आमटीत शेंगा का नाहीत म्हणून विचारणारा.

सोशालिस्ट: शेंगा अख्ख्या आळीच्या, असे शेजाऱ्याच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणणारा.

अनार्किस्ट: झाड कोणाचे, परस कोणाचे आणि तू कोण विचारणारा, असे म्हणत शेंगा घेऊन जाणारा. आळीतल्या मोकाट गाई याच पंथाच्या.

पब्लिक ओपिनियन: ओसरीवर जमलेली चार माणसे, ज्यांचे त्यांच्या घरी कोणी ऐकत नाही. (या कार्डानंतर चौघे आठवडाभर फिरकले नाहीत, असे आईने कळवले.)

आणि मधोमध, हळूच, लिबरल: सुरवंटांची क्षमा मागून दोन फांद्या छाटणारा आणि त्यावर तीन व्याख्याने देणारा. याच्या घरच्या सुना नवऱ्यापाशी राहतात.

अप्पांचे उलट टपाली उत्तर आले. "लिबरल समजला. शेवटचे वाक्य तुझ्या डिक्शनरीत कितव्या पानावर आहे ते कळव."

मी पान कळवले नाही. त्या सुमारास नगरपालिकेत लोकांनी निवडलेली माणसे बसणार अशी बोलवा होती, त्याचा फायदा घेऊन मी पुढचे कार्ड लिहिले. व्होट: घरच्या कर्त्याने एकट्याने न ठरवता प्रत्येक जाणत्या माणसाने गुपचूप आपले मत देणे, मते अधिक जिकडे, तिकडे सर्वांनी जाणे. विलायतेत यास कागद लागतो. आपल्याकडे बायकांस लिहिता येत नाही, सबब होकारास सुपारी, नकारास हळकुंड, आणि देवापुढे तोंड झाकलेला गडू. विलायतेतही बायकांना मत नाही, ही गोष्ट मी कार्डावर जागा नसल्याचे निमित्त करून गाळली.

अप्पांचे उत्तर चार शब्दांचे होते. "दिवाळीला ये. इलेक्शन घेऊ."

मी तळ्याच्या काठावर उभा राहून ते वाचत होतो. मी तळ्यात पडलो असे लोक अजून सांगतात. पडलो नाही, पण गुडघ्यापर्यंत पाण्यात कधी गेलो ते मला कळले नाही, हे कबूल करतो. ज्या माणसाने घरात कोणी कधी आंघोळ करावी हेसुद्धा कोणाला ठरवू दिले नाही, तो व्होट घेणार.

पाडव्याच्या सकाळी देवघरात गडू ठेवला गेला. प्रश्न अप्पांनीच ओसरीवरून मोठ्याने सांगितला: सूनबाईने ठाण्यास जावे की न जावे. मते पाच. अप्पा, आई, आत्या, मी आणि ती. प्रत्येकाला एक सुपारी आणि एक हळकुंड. एकट्याने आत जायचे, एक गडूत टाकायचे, दुसरे शेजारच्या तांदळाच्या परडीत पुरून बाहेर यायचे. माझा हिशेब पक्का होता. मी, ती आणि हळव्या मनाची आई, झाले तीन. अप्पा आणि आत्या गेले उडत.

चौघा वृद्धांसमक्ष अप्पांनी गडू उपडा केला. दोन सुपाऱ्या, तीन हळकुंडे.

अप्पांनी गडूत डोकावून पाहिले, मग तो पुन्हा उपडा करून झटकला. विजयाच्या आनंदात करतात असे मला वाटले. मी आईकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतोस?" आई म्हणाली. "मी हळकुंडच टाकलं. ही गेल्यावर माझ्या गुडघ्यांना तेल कोण लावणार? तुझा साहेब?"

मी परसात जाऊन उभा राहिलो. शेवग्याखाली ती पाला खुडत होती. पाठ माझ्याकडे, तोंड झाडाकडे, आणि ती झाडाशी बोलावे तशी बोलू लागली.

"तिसरं हळकुंड कोणाचं म्हणून शोधत फिरू नका म्हणावं. त्यातलं एक माझं आहे."

माझ्या अंगावर त्या क्षणी झाडावरचे सगळे सुरवंट पडले. निदान मला तरी तसेच वाटले.

"अगं, तुझ्यासाठी तर सगळं केलं. तीन वर्षं कार्डं लिहितोय."

"हो ना. मी ठाण्याला जाणार हे पोस्टमनला माहीत, ओसरीवरच्या चौघांना माहीत. मला दाराआडून कळलं. लिबरलच्या सुना कुठे राहतात ते लिहिलंत. तुमच्या बायकोला कुठे राहायचंय ते विचारलंत?"

"मी तुला मागून घेत होतो."

"मागून घेत होतात. विचारलं नाहीत." तिने पाल्याची टोपली उचलली. "आता आत जाते. सासूबाई हाक मारतील."

मी झाडाखालीच बोटांवर मते मोजू लागलो. मग डोक्यात प्रकाश पडला. आईचे एक, हिचे एक. म्हणजे अप्पांचे तिसरे, आणि दुसरी सुपारी आत्याची. मी धावत जाऊन आत्याच्या पाया पडलो. तीही हादरली.

"सुपारी? वामन्या, मी तर हळकुंड टाकलं रे."

"तू का, आत्या? तुला काय त्रास होता तिचा?"

"तिचा कसला त्रास, गुणाची पोर आहे." आत्या आलवणाच्या पदराशी चाळा करत राहिली. "पण हे गेल्यापासून देवापुढे हळकुंड ठेवायला मला कोणी दिलं होतं का? स्वयंपाकाची हळद कुटायला मी, आणि कार्याची हळद आली की मागच्या दारी मी. आज माझ्या हातात दिलंत, म्हणालात देवापुढे टाक. मी सुपारी टाकून ते परडीत पुरू होय?"

हळकुंड मीच निवडले होते. कार्डावर, ठाण्यात बसून, डिक्शनरीच्या तोऱ्यात. चिंचोके म्हटले असते तर निकाल फिरला असता. पण तेव्हा ते सुचले नाही, कारण तेव्हा मला दुसरेच काही सुचले. आईचे हळकुंड. हिचे हळकुंड. आत्याचे हळकुंड. सुपाऱ्या दोन, आणि त्यातली माझी एकच.

ओसरीवर अप्पा चौघांना सांगत होते, "बघितलंत? इलेक्शन घेतलं तरी माझंच खरं." आणि बोलता बोलता त्या रिकाम्या गडूवर बोट वाजवत होते. चौघांसमक्ष शब्द मागे घेता येईना, म्हणून त्या माणसाने हरण्याची एवढी व्यवस्था केली होती, आणि घरच्या तीन बायकांनी त्याला जिंकवून ठेवले होते.

ठाण्याला परतण्याआधी मी शेवग्याखाली जाऊन तिला विचारले, "येशील का?" ती म्हणाली, "विचार करून सांगते." सहा महिने विचार केला तिने. वैशाखात निरोप आला: येते, पण मला वाचायला शिकवायचे. त्यावर अप्पांनी ओसरीवर जाहीर केले की जिंकलेल्याने उदार व्हावे हे लिबरलचे लक्षण आहे, आणि सुनेच्या गाठोड्यात माझी सगळी कार्डे स्वतःच्या हाताने बांधून दिली. ती त्या कार्डांवरच अक्षरे शिकली. वाचता येऊ लागल्यावर पहिल्या महिन्यात तिने माझे अकरा अर्थ खोडले. सोशालिस्टाचा तर पुरता नव्याने लिहिला.

आता आई नाही, आत्याही नाही. कल्याणला गेलो की बंदरावरची नवी मंडळी मला विचारतात, "कुठून आलात?" ठाण्यात भाजीवाली विचारते, "गावाला कधी जाणार?" 'होम' या शब्दाचे कार्ड मी चार वेळा लिहायला घेतले आणि चारही वेळा फाडले. ज्याचा अर्थ मला सांगता आला नाही असा हा एकच शब्द, हे मला ओळखणारे मान्य करतील.

गेल्या पौषात दुपारी दार वाजले. दारात अप्पा. एकटे, काठी टेकत, आणि आगगाडीने आलेले. पण खरा धक्का पुढेच होता. अप्पा उंबऱ्याबाहेर थांबले, माझ्याकडे पाहिलेही नाही, आणि आत बघून म्हणाले, "सूनबाई, इथे राहू का मी?"

ती वाचत होती ते बाजूला ठेवून उठली. डब्यातून एक सुपारी काढून तिने त्यांच्या तळव्यावर ठेवली.

अप्पांच्या तोंडात आता एकही दात नाही. त्यांनी ती सुपारी उपरण्याच्या टोकाला गाठ मारून ठेवली आणि मग उंबरा ओलांडला. उपरणे धुवायला टाकताना ते अजून ती गाठ सोडतात, आणि वाळले की पुन्हा बांधतात.