साडूचा टॅब आणि सासूबाईंची एकादशी

माझ्या साडूने दुकानासाठी टॅब घेतला आणि त्यापायी माझ्या सासूबाईंची एकादशी मोडली.

बाहेरच्या माणसाला या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. आमच्या घरात मात्र तो सगळ्यांना लगेच लागला, कारण दोन्हींच्या मधोमध मी उभा होतो.

माझी दिघीत पिठाची गिरणी आहे. साडूंचं, म्हणजे प्रकाशरावांचं, थेरगावात डांगे चौकाजवळ फरसाणाचं दुकान. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली त्यांच्याकडे, धाकटी माझ्याकडे. सासूबाईही त्यांच्याकडेच असतात. प्रकाशराव माणूस सरळ, निर्व्यसनी, कुणाला वाकडा शब्द बोलणार नाही. अशा माणसाचा हेवा करणं फार अवघड जातं. पण मी मुळात कष्टाळू आहे.

एका रविवारी त्यांनी चहाला बोलावलं. पाहतो तर गल्ल्याशेजारी चकचकीत टॅब. एकदा बोट लावलं की शेव, दुसऱ्यांदा लावलं की चिवडा, आणि बिल थेट गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर.

"किती इंची?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दहा. साधाच आहे हो, रंगनाथराव. कामापुरता."

त्यांनी फुशारकी मारली असती तर मी चहा पिऊन गप घरी आलो असतो. पण ही नम्रता मला सोसवेना.

परतताना स्कूटरवर मागून सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "ताईचं बरं झालं. बिलं लिहून लिहून तिची बोटं दुखायची." ती फक्त बोटांबद्दल बोलत होती. मला मात्र हेल्मेटमधून 'नवरा असावा तर असा' एवढंच ऐकू आलं.

आमच्या गिरणीचा कारभार सुनंदाच्या जुन्या फोनवर चालायचा. काच तडकलेली, कोपऱ्याला रबरबँड. डबा आला की ती त्यात नावाची चिठ्ठी टाकायची, डब्याचा मालकासकट फोटो काढायची, आणि दळण झालं की त्या माणसाला 'या घेऊन' असा निरोप धाडायची. इतक्या वर्षांत एकाचं पीठ दुसऱ्याकडे गेलं नव्हतं. यात दिमाख असा काहीच नव्हता, हीच माझी तक्रार.

सोमवारी मी आमच्या गल्लीतल्या समीरभाईंकडे गेलो. ते मोबाइल दुरुस्त करतात आणि गिऱ्हाइकाला नको ती वस्तू विकत नाहीत. (त्यामुळे त्यांचं दुकान अजून लहान आहे.)

"गिरणीसाठी टॅब दाखवा," मी म्हणालो.

"त्यावर काम काय करायचंय?"

हा प्रश्न मला अनपेक्षित होता. "दहा इंचांच्या वरचा पाहिजे."

"इंच राहू द्या काका. काम सांगा."

मी कामाचा विचार करत राहिलो. तेवढ्यात तेच म्हणाले, "तुमच्याकडे पीठ उडतं. ते चार्जिंगच्या भोकात बसलं की महिन्याभरात टॅब दुरुस्तीला. त्यापेक्षा भाभींना एक साधा फोन घ्या. बॅटरी दिवसभर पुरणारी, कॅमेरा बरा, वर जाड कव्हर. झालं काम."

"फोन किती इंची असतो?"

"साडेसहा."

"म्हणजे साडूपेक्षा साडेतीन इंच कमी."

समीरभाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "काका, गिरणी तुमची आहे का साडूची?"

मी रागावून बाहेर पडलो तो थेट चाकणला. तिथे एक जण कंपन्यांमधलं जुनं सामान विकतो: पंखे, खुर्च्या, कपाटं. त्याच्याकडे कोपऱ्यात मला हवा तो टॅब दिसला. पंधरा इंची! लोखंडी स्टँडसकट, आणि किंमत नव्या साध्या फोनपेक्षाही कमी. त्याने बटण दाबलं, निळा पडदा उजळला.

"चालतो ना?"

"चालतो म्हणजे? कंपनीच्या गेटवर होता, भाऊ. एक दिवस बंद नव्हता."

'गेटवर होता' या शब्दांपाशी शहाणा माणूस थांबला असता. मी फक्त टेप लावून इंच मोजले आणि टॅब स्कूटरवर पायाशी उभा करून घरी आणला.

उद्घाटनाला प्रकाशरावांना सहकुटुंब बोलावलं. त्यांनी येताना सासूबाईंच्या उपवासाच्या भाजणीचा डबा आणला, कारण दोन दिवसांवर एकादशी होती. मी नारळ फोडला आणि टॅबसमोर उभा राहिलो. त्याने माझा फोटो काढला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आपका स्वागत है. कृपया सेफ्टी शूज पहनें. मोबाइल गेट पर जमा करें."

सगळे माझ्या पायातल्या चपलांकडे बघू लागले.

मी पडद्यावर इकडे बोट लावलं, तिकडे लावलं. तो दरवेळी सिक्युरिटी अधिकाऱ्याचा पासवर्ड मागायचा आणि पुन्हा माझं स्वागत करायचा. कंपनीत येणाऱ्या पाहुण्यांची नोंद करणं, एवढं एकच काम त्याला येत होतं.

"बिघडलाय का हो?" सुनंदाने हळूच विचारलं.

तेव्हा 'हो' म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण प्रकाशराव बघत होते.

"बिघडला कशाने? मुद्दाम असा घेतलाय," मी म्हणालो. "सुरक्षेसाठी."

"गिरणीला सुरक्षा?"

"पीठ खाण्याची वस्तू आहे, प्रकाशराव. डब्यापाशी कोण आलं, कोण गेलं, नोंद नको?"

त्यांनी मान डोलावली. "खरंय. आमच्याकडे असलं काही नाही."

आमच्याकडे नाही! हे वाक्य कानात घेऊन मी दोन दिवस तरंगत होतो, आणि म्हणूनच टॅब काढायचा प्रश्न उरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवे नियम सांगितले. चिठ्ठ्या बंद. आल्यागेल्याने आधी टॅबवर नाव घालायचं. सुनंदा फोन घेऊन समोर येताच टॅब ओरडला, "मोबाइल गेट पर जमा करें." नियम म्हणजे नियम, म्हणून मी तिचा फोन घेऊन ड्रॉवरमध्ये टाकला.

"मग कोणता डबा कुणाचा, हे कळणार कसं?"

"सगळं यात आहे," मी टॅबवर हात ठेवून म्हणालो. त्यात माणसांचे फोटो होते. डब्यांचा एकही नव्हता.

रांग लागली. टॅब प्रत्येकाला भेटीचं कारण विचारायचा आणि उत्तरं चारच द्यायचा: मीटिंग, डिलिव्हरी, इंटरव्ह्यू, ऑडिट. शेजारच्या शिंदेकाकू ज्वारी घेऊन आल्या आणि त्यांनी इंटरव्ह्यूवर बोट ठेवलं. "माझा पोरगा कंपन्यांच्या गेटवर नेहमी तिथंच बोट ठेवतो," त्या म्हणाल्या. एक वहिनी 'ऑडिट' लावून आत आल्या आणि खरोखरच गिरणीतली जळमटं मोजायला लागल्या.

ही पद्धत मनापासून आवडली ती एकट्या सुभेदारसाहेबांना. फौजेतून निवृत्त झालेले, जवळच राहतात. ते टॅबसमोर सावधान उभे राहिले आणि नाव, हुद्दा, काम सगळं खड्या आवाजात सांगितलं. (टॅबला ऐकू येत नव्हतं, त्यांना टाइप करायला मी सांगायला हवं होतं.) "शिस्त आहे," ते मला म्हणाले. "डब्यात चकलीची भाजणी आहे. उद्या मुलीच्या सासरची मंडळी येतायत." मग बूट वाजवत गेले.

उपवासाचं दळण मी गिरणी साफ करून सगळ्यात आधी घेतलं होतं. सुभेदारांची भाजणीही त्याच सकाळी झाली. दोन्ही डबे स्टीलचे, सारख्याच उंचीचे. दोन्ही पिठं खरपूस भाजलेल्या रंगाची. मी त्यातला एक उचलला आणि स्वतः थेरगावला पोचवला; दुसरा संध्याकाळी सुभेदार घेऊन गेले. एरवी असली सेवा मी करत नाही, पण टॅबचं आणखी थोडं कौतुक कानांवर पडेल अशी आशा होती.

एकादशीला दुपारी सासूबाईंचा फोन आला. त्या चाकणकडच्या खेड्यातल्या, बोलणं अजून तिकडचंच.

"जावईबापू, थालपीठ लई झ्याक झालं बघा. आजवर उपासाला असं खाल्लंच न्हाई मी. तीन खाल्ली. काय घातलं व्हतं?"

मी विनयाने म्हणालो, "काही नाही, मशीनची करामत."

फोन ठेवतो न ठेवतो तोच दारात सुभेदारसाहेब. हातात ताटली, ताटलीत तेलकट चुरा.

"ही चकली आहे," ते म्हणाले. ताटलीकडे बघून तसं सांगण्याची गरज होती. "तेलात सोडली की विरघळते. घरात पाहुणे बसलेत. हे पीठ कसलं?"

सुनंदाने चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. "साबुदाणा, वरई, राजगिरा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे आईने सकाळी चणाडाळ, उडीद आणि धने खाल्ले. तीन थालीपीठं."

गिरणीत उरलेले सात डबे अजून कुणाचे ते कळत नव्हतं. टॅबला विचारलं तर तो स्वागत करत होता.

सुनंदाने गिरणी बंद केली आणि ड्रॉवरमधून आपला फोन काढला. त्यात मागच्या सगळ्या महिन्यांचे फोटो होते, आणि माणसं वर्षानुवर्षं तोच डबा आणतात. कुणाच्या झाकणाला पोचा, कुणाच्या कडीला लाल दोरा. तडकलेल्या काचेवर बोट फिरवत तिने अर्ध्या तासात सातही डबे ओळखले. मग शेजारणीकडून चकलीची भाजणी मागून आणून सुभेदारांच्या घरी गेली आणि त्यांच्या बायकोबरोबर स्वतः घाणा काढला. पाहुणे चकली खाऊन गेले.

सासूबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं.

"पाप तुमाला लागंल," त्या म्हणाल्या. "मला न्हाई. पर उरल्यालं पीठ न्यायचं न्हाई. उद्या करून खाईन."

प्रकाशराव हसले नाहीत. "चूक कुणाचीही होते," एवढंच म्हणाले. हसले असते तर बरं झालं असतं.

टॅब मी चाकणला परत नेला. विकणारा घेईना, मग तसाच तिथे ठेवून आलो. समीरभाईंकडून सुनंदासाठी साधा फोन आणला, साडेसहा इंची, वर जाड कव्हर. दोन महिन्यांतून एकदा भोकातलं पीठ ब्रशने काढायला आणा, एवढंच त्यांनी सांगितलं. आता सुनंदाकडे थेट चऱ्होलीपासून दळणं येतात. आजूबाजूचे दुकानदार तिची पद्धत बघून जातात, आणि मी मागे गिरणीचा पट्टा घट्ट करत त्यांचं बोलणं ऐकत असतो.

परवा प्रकाशराव आले. टॅबला तेलाची बोटं लागून तो कधी शेवेचं बिल चिवड्याला लावतो, म्हणून दुसरं काहीतरी घ्यायचं त्यांच्या मनात आहे.

"सुनंदा आहे का? जरा सल्ला हवा होता."

"मी आहे ना," मी म्हणालो. "बसा. विचारा."

त्यांनी नेहमीच्या नम्रपणे हात जोडले.

"नको रंगनाथराव. तुम्ही दळा."