मंदाच्या चुकांवरची पिवळी पट्टी

रंभाताई,

हे पत्र तुम्हाला वाचून दाखवायला अमृतच लागला असता, आणि त्याच्या तोंडून ते तुमच्या कानावर जावं एवढी हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून पन्नास वर्षं लिहिलं नाही. आता लिहायला बसलेच आहे तर सरळ गोष्टच सांगते. गोष्टीतल्या भाडेकरणीला मी नुसतं मंदा म्हणणार आहे. नाव माझंच, पण 'मी' म्हटलं की माणूस स्वतःची वकिली करायला लागतो, आणि मला तेवढा वेळ नाही.

१९७४ साल. रत्नागिरीची मंदा, संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, फोर्टातल्या एका संगणक केंद्रात सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. दिलेला प्रोग्रॅम तेवढ्यात चालता केला तर नोकरी कायम, नाहीतर परत गावी, आईने बघून ठेवलेल्या मास्तराच्या गळ्यात. राहायला खोली मिळाली ती भाईंदरला, मिठागरांच्या बाजूला, रंभाताईंच्या पडवीला लागून. मिळवून दिली अमृतने. तो रंभाताईंचा भाचा, त्याच घरात राहणारा. त्याच केंद्रात यंत्राच्या खोलीत मदतनीस होता आणि ऑपरेटरचं काम शिकत होता.

रंभाताई पन्नाशीच्या. नवरा लवकर गेला, तेव्हा माहेरी परतल्या आणि भावांच्या मिठागराचे बांध त्यांनी स्वतःकडे घेतले. कोणी दिले नव्हते, त्यांनीच घेतले. सकाळी अनवाणी बांधावरून चालत जायच्या. तळपायाला माती मऊ लागली की थांबायच्या, कारण तिथे आज ना उद्या खांड पडणार, पाणी बांध फोडणार. खाडीचं पाणी वरच्या तळ्यातून एकेका वाफ्यात उतरतं, त्यामुळे वर एक खांड पडली की खाली दहा ठिकाणी पाणी घुसतं. गडी पायाशी दिसेल ते बुजवत बसत. रंभाताई त्यांच्या सात पिढ्या उद्धरत वर चालू लागत. अक्षर एक येत नव्हतं. अंगठा मात्र त्या इतक्या ठसक्याने उठवत, की कारकुनाने बघत राहावं.

मंदाचं काम असं. प्रोग्रॅम कार्डांवर भोकं पाडून यंत्राला द्यायचा. यंत्र दिवसातून एकदाच वाट्याला येई आणि चुका असल्या की रुंद कागदावर त्यांची यादी छापून हातात ठेवी. मंदाच्या यादीत त्र्याहत्तर चुका होत्या. एक दुरुस्त करावी तर दुसऱ्या दिवशी दोन नव्या. हे कागद केंद्राबाहेर न्यायला सक्त मनाई होती. मंदा ते रोज पिशवीत डब्याखाली घालून घरी आणायची. कळलं असतं तर सहा महिने भरायचीही वाट कोणी पाहिली नसती.

संध्याकाळी ती पडवीत कागद पसरून बसे. मध्येच नळाला पाणी येई, रॉकेलवाल्याची हाक येई, की ही उठून जाई. एकदा परत येऊन बघते तर तिसाव्या चुकेवर पिवळ्या जिलेटीन कागदाची बोटभर रुंद पट्टी. खालची अक्षरं पट्टीतून स्वच्छ दिसत होती, उलट जास्तच उठून दिसत होती. नुकतीच दिवाळी झाली होती, आकाशकंदिलाचा तुकडा उडून आला असेल म्हणून तिने तो फुंकून टाकला.

दुसऱ्या दिवशी पट्टी पासष्टाव्या चुकेवर. उठताना मंदा नेमकी तिथेच होती.

आता मात्र ती हादरली. कागदाला कोणीतरी हात लावतंय, आणि असा तसा नाही, वाचता येणारा हात. रंभाताई तर निरक्षर. मग कोण? अमृत. यंत्राच्या खोलीतला माणूस, त्याला यादी कळते. साहेबाला सांगून स्वतःचं बस्तान बसवायचं असेल. खोली तरी त्याने फुकट का शोधून दिली? मंदाला एकदम सगळं जुळल्यासारखं वाटलं. संशयाचं हेच वाईट, तो फार हुशार असतो.

तिने कागदांमध्ये स्वतःचा केस ठेवून बघितला. केस सरकलेला. रंभाताईंनी दिलेली कोलंबीची आमटी तिने पोट बिघडल्याचं सांगून परत केली. अमृत ऑफिसात हसला तर का हसला, आणि नाही हसला तर का नाही, यावर तिचा दिवस जाई.

गुरुवारी पट्टी थेट पहिल्या चुकेवर गेली. मंदा तेव्हा साठाव्या चुकेत होती. सोप्या चुका आधी संपवायच्या म्हणून यादीच्या शेवटाकडूनच लागली होती. पट्टी बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिला वाटलं, हा चिडवतोय, तुला पहिलीसुद्धा जमली नाही म्हणून. शुक्रवारी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, माझ्या कागदांना अमृत हात लावतो. कुठल्या कागदांना आणि कुठे, ते तिने सांगितलं नाही.

रविवारी तिने सापळा लावला. केबिन रोडला भाजीला जाते असं मोठ्याने सांगून निघाली आणि कुंपणाला वळसा घालून मागच्या दाराने आली. रंभाताई कागदापुढे उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी हात पदराला पुसून घेतले आणि दोन बोटांच्या चिमटीत पट्टी उचलली.

"कोणी सांगितलं हे ठेवायला? अमृतने?"

रंभाताई दचकल्या नाहीत. "अमृतला काय ठावं? तू उठून जातंस नं परत येऊन कपाल बडवतंस, कुठं व्हते मी, कुठं व्हते मी. तुझी पेन्सल जिथं पडलेली, तिथं ठेवली. आमी जेवाया उठलो का खांडीवं काठी रोवतो, चिंधी बांधून. न्हायतं परत आल्यावं सगला बांध सारकाच दिसतो."

"मग गुरुवारी सगळ्यात वर का?"

"आठ दिस खालशा बुजवत बसलंस. एक तरी बंद झाली काय?"

"तुम्हाला यातलं काही वाचता येतं का?"

"न्हाय. पन वर कंचं नं खाली कंचं, त्ये दिसतं ना बाय."

मंदाने पहिली चूक वाचली. सुरुवातीलाच आकडे ठेवायच्या एका कप्प्याची लांबी तिने चुकीची दिली होती आणि पुढे जिथे जिथे तो कप्पा वापरला, तिथे तिथे यंत्र ओरडत होतं. सोमवारी ते एकच कार्ड बदलून दिलं. मंगळवारी यादीत दोन चुका उरल्या. गुरुवारी प्रोग्रॅम चालला.

पण सोमवारीच अमृतला यंत्राच्या खोलीतून काढून तळमजल्यावरच्या कार्डांच्या गोदामात टाकलं होतं. का, ते त्याला कोणी सांगितलं नाही. त्याने ओळखलं, आणि आत्याला सांगितलं.

संध्याकाळी रंभाताई खोलीच्या दारात आल्या. आवाज चढवला नाही.

"साहेबाला जाऊन सांग, कागदावं हात माझा व्हता. पोराचा न्हाय."

"सांगते. उद्याच सांगते."

सांगायचं म्हणजे कागद भाईंदरला आला कसा, तेही सांगायला हवं होतं. मंदाने ठरवलं, नोकरी कायम झाली की सांगू. जानेवारीत नोकरी कायम झाली. मग साहेब दौऱ्यावर गेले. मग वर्षअखेरीची धांदल. रंभाताई आधी रोज विचारायच्या, "सांगलंस?" मग आठवड्याने. मग नुसतं बघायच्या. पट्टी परत कधी दिसली नाही, आणि मंदाची मात्र जागा रोज हरवायची. मार्चमध्ये तिने गिरगावात बिऱ्हाड केलं. सामान टांग्यात चढवताना रंभाताईंनी सुक्या बोंबलांची पुडी दिली आणि पुन्हा तेवढंच म्हणाल्या, "सांग हां बाय."

अमृत गोदामातच राहिला. मंदा त्या केंद्रात आणखी अकरा वर्षं होती. साहेबांची खोली तिच्या टेबलापासून बारा पावलांवर. रजेचे अर्ज घेऊन ती आत गेली, बढतीचे पेढे घेऊन गेली, एकदा तर पंख्याची तक्रार घेऊनही गेली. तुमचा निरोप घेऊन मात्र नाही गेली, रंभाताई.