कपाटातला पिवळा गोळा

आधीच सांगून टाकते, चूक माही होती.

खेळाची मॅडम म्हणून शाळेत लागून मले दोनच वर्षं झालेत, तेही तासाच्या पैशावर. टाइमटेबलात माहे तास होते, पण नववीचा तास गणिताचे सर हक्कानं घेऊन जायचे. "तुमी काय, पोरंच तं पळवता!"

अन् सामान? सगळं नवंकोरं, ऑफिसातल्या कपाटात! चावी बाबूजीकडे, म्हणजे आमच्या क्लार्ककडे. त्यात गोळाफेकीचा तीन किलोचा लोखंडी गोळा होता, पिवळाधम्मक, प्लास्टिकसकट. मी मागतला तं म्हणे, "मॅडम, तपासणीत दाखवा लागते. रंग निघाला तं साहेब मले इचारतीन, तुमाले नाई."

मी हासली अन् परत आली. भांडली नाई.

नववीत एक पोरगी होती, सोयाबीनचं अर्धं पोतं एकटी उचलणारी. तिचा बाप म्हणाला होता, "या साली खेळू द्या. जिल्ह्यावर गेली तं ठीक, नाई तं हे फेकाफेकी बंद. वावरात हात कमी पडते."

मंग मी नाल्यातून एक गोटा आणला, किराण्याच्या काट्यावर ठेवला, तं बराबर तीन किलो! मले एवढा आनंद झाला ना, फोटो काढून स्टेटसले टाकला! दोन महिने पोरगी तोच गोटा फेकत राह्यली. गोट्याले एका बाजूनं खड्डा होता, तिची बोटं त्यात मस्त बसायची. मी वा वा करत राह्यली.

तालुक्याच्या स्पर्धेत तिच्या हातात लोखंडी गोळा आला. ती तो फिरवून फिरवून पाहून राह्यली होती. मले वाटलं, देवाचं नाव घेते. पहिली फेक हातातून सटकली, रेषेबाहेर. दुसरीही तशीच. तिसरीले तिनं हाताले माती चोळली. गोळा आत पडला, पण जवळच. नंबर पाचवा आला, जिल्हा हुकला.

परत येताना एसटीत पोरगी खिडकीशी बसली. मंग म्हणे, "मॅडम, त्याले खड्डाच नोता. मी पाह्यलं ना सगळ्या बाजूनं."



दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन उभी राह्यली. "बाबूजी, चावी द्या. साहेबाले मी सांगते."

"आता कायले? स्पर्धा तं झाली."

चावी घेतल्याशिवाय हालली नाई. तेवढंच महिनाभर आधी उभी राह्यली असती तं!

संध्याकाळी त्यायच्या वावरात गेली. बापाले म्हटलं, "दादा, पोरगी नाई चुकली, मी चुकली." अन् गोट्याचं सगळं सांगितलं. तो म्हणे, "मॅडम, गोटे तं आमच्याइथंही होते. शाळेत कायले धाडली मंग?" अजून एक साल मागतलं तं फक्त "पाहू" म्हणाला.

आता गोळ्याचा रंग पार निघाला. बाप अजून 'पाहू'च म्हणते. पोरगी मधल्या सुट्टीत येते, डबा अर्धा ठेवते अन् फेकते.