आपांनी खोडलेलं पान

रेझ्युमेवर ‘फोटोशॉप ऐंशी टक्के’ असं लिहिलेलं दिसलं, की रुकैयाआपा चष्म्यावरून बघत विचारायच्या, “उरलेले वीस टक्के घरी ठेवून आलास काय?” पोरगा बिचारा गोरामोरा व्हायचा. जाहिरातीच्या धंद्यात आर्ट डायरेक्टर म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर नेरूळच्या घरी रविवारी आम्हा नवशिक्या डिझायनरांचे रेझ्युमे बघत बसायच्या. चहा-खारी फुकट, बोलणीही फुकट.

मीही गेले. माझ्या रेझ्युमेत काय नव्हतं? भडक रंग, सतरा प्रकारचे फॉन्ट, हसरा फोटो आणि वर ‘मेहनती व सर्जनशील’. खारघरच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत जागा निघाली होती. ती हुकली, तर आत्याच्या ओळखीने तळोज्याच्या गोदामात बिलं करायला जायचं, असं घरात ठरलं होतं. आपांनी पेन उचललं आणि एकेक ओळ खोडत गेल्या. माझे डोळे भरून आले.

“रडू नको गं. जे सगळेच लिहितात, ते तुझं कसं? मनापासून शेवटचं काय केलंस, ते सांग.”

“बाबांच्या होडीवर नाव रंगवलं, सारसोळ्याच्या जेट्टीवर. बाजूला पापलेट काढला.”

“मग तो कुठाय यात?”

“ते घरचं काम हाय, आपा.”

“घरचं म्हणून लपवायचं? तेच पयलं लाव. खाली दोन-चार कामं, बाकी जागा मोकळी सोड. मोकळ्या जागेला घाबरू नये. ती बघणाऱ्याला बसायला असते.”

मुलाखतीत पापलेटाचा डोळा एवढा मोठा का, यावरच गप्पा रंगल्या. नोकरी लागली. पेढे घेऊन गेले, तर आपा पेढा खाता खाता म्हणाल्या, “होडीवरची अक्षरं जरा दाटलीत हां. पुढच्या वेळी बघ.”

आता तो स्टुडिओ बंद होतोय आणि मला पुन्हा रेझ्युमे करायचाय. आपा गेल्या वर्षी वारल्या. इतक्या वर्षांचं काम मी एका पानात कोंबलंय, त्यातलं काय काढावं ते कळत नाही. नवऱ्याला दाखवलं, ऑफिसातल्या मुलांना दाखवलं. सगळे म्हणतात, मस्त झालंय. अशा वेळी आपांची फार आठवण येते. माझ्या कामाला छान म्हणणारी माणसं पुष्कळ मिळाली. ते खोडण्याइतकं मन लावून बघणारं माणूस एकच होतं.