ठिगळावर ठिगळ

कारंज्याच्या एसटी स्टँडसमोर निजामुद्दीनभाईंचं पंक्चरचं दुकान. ठिगळावर ठिगळ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते तीस वर्षं हाकलत आले होते. "ट्यूब बदल बाप्पा, माह्या इज्जतीचं भजं नको करू."

आज अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोनदा स्टेंट टाकलेली भाईंच्या हृदयाची नस तिथंच पुन्हा आवळली आहे. तिसरा टिकणार नाही, बायपास अशक्त हृदयाला झेपणार नाही. आता फक्त गोळ्या.

भाईंनी टेबलाची कड धरली. "साहेब, एक डाव अजून टाका. आमच्या पोरीच्या, अफ्रीनच्या निकाहपर्यंत चाललं तरी लय झालं."

"गिऱ्हाईकंबी असंच म्हनत होते," बायको अमीनाबी ओढणीआडून म्हणाल्या. "तुमी कधी आयकलं?"

भाई म्हणाले, "त्यायले नवी ट्यूब भेटत होती, अमीना."