नाना आणि आठ तारा

आमच्या नानांना मळकी वस्तू बघवत नसे. जेवायला बसले की ताटाला हात लावण्याआधी ते चमचा उचलत, उजेडाकडे धरत आणि खिशातला रुमाल काढून घासू लागत. पाहुण्यांच्या घरी गेले तरी तेच. घरातली बाई ओशाळून म्हणायची, "आवं नाना, आत्ताच घासलाय." नाना हसत म्हणायचे, "व्हय गं बाई, तुजं घासणं येगळं, माजं येगळं." मी त्यांचा पुतण्या, शेजारीच बसलेला. मान खाली घालून मुकाट्याने भाकरी मोडत राहायचो.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मिसरूड फुटायच्या आधीच ते आमच्या विट्याकडच्या इतर मुलांसारखे गलाईच्या धंद्यात गेले आणि कोईमतूरला स्थिरावले. जुने सोने वितळवायचे, तेजाबात टाकायचे, त्यातली भेसळ जाळून शुद्ध सोने काढून द्यायचे, यातच त्यांची हयात गेली. गावी यायचे ते जत्रेला. आले की देवळातली समई, पाण्याच्या टाकीचा नळ, माझ्या मोटरसायकलचा सायलेन्सर, काही म्हणता काही सुटत नसे. "घाण वरची आसती, माल आत आसतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य. माणसांच्या बाबतीतही त्यांचे हेच म्हणणे होते. कुणाला नावे ठेवलेली मी त्यांच्या तोंडून ऐकली नाहीत.

गावात त्यांचा जिवलग एकच, सुभेदार आबा. आबा पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले. मी आमच्या बेंजो पार्टीत बेस गिटार वाजवतो, ती मला आबांनीच शिकवली. वराती असोत की गणपतीच्या मिरवणुका, माझी बोटे चालतात ती त्यांच्या जिवावर. पण आबा एक गोष्ट सांगू लागले की आमच्या पार्टीतली पोरे एकमेकांना कोपराने ढोसायची. पलटणीत आबांकडे म्हणे आठ तारांची बेस होती. बेसला तारा चार, हे पोराटोरांनाही माहीत. "आठ व्हत्या," आबा म्हणायचे. "दर जाड तारंच्या शेजारी तिचीच बारकी भैन. एकाच बोटात दोगी बोलायच्या. एक सूर पायातनं वर यायचा, एक डोक्यावरनं खाली." पोरे म्हणायची, कँटीनची बाटली पोटात गेली की चाराच्या आठ दिसणारच.

विश्वास ठेवला तो नानांनी. "सुभेदार आठ म्हणला म्हंजे आठ," असे म्हणून त्यांनी विषय संपवला. पुढे आबांचे कान जाऊ लागले, दमही लागू लागला. सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांना फार काही आशा दाखवली नाही. त्या जत्रेला नाना आबांच्या ओसरीवर बसून त्यांच्या कानात ओरडले, "कान जायाच्या आत तुला ती आठ तारांची ऐकवतो, गड्या." आबा नुसतेच हसले. पण नाना चेष्टा करत नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले.

आमच्या भागातला गलाईवाला नाही असे शहर देशात शोधून सापडायचे नाही. नानांनी त्या सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप धाडला. निरोप अगदी साधा होता: जुनी गिटार, आठ खुंट्या, जाड आणि बारीक तारांच्या जोड्या. मग कुठून कुठून फोटो येऊ लागले. कुणी सतार पाठवली, कुणी मेंडोलिन. एका भल्या माणसाने दोन बेस शेजारी ठेवून फोटो काढला आणि खाली लिहिले, झाल्या आठ. अखेर शिलाँगच्या दुकानातल्या आपल्या माणसाला एका जुन्या वाजवणाऱ्याच्या माडीवर ती सापडली. तांबूस लाकूड, लांब मान, आठ खुंट्या. फोटो बघून मी सुन्न झालो. आबांना इतकी वर्षे हसणाऱ्यांत मीही होतो.

गलाईवाले मोलाची वस्तू परक्या हाती देत नाहीत. गिटार गोधडीत गुंडाळून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, गावच्याच माणसाच्या हातून, अशी मजल दरमजल करत कोईमतूरला पोहोचली. शिलाँगच्या ओल्या हवेने तिच्या धातूला गंज चढला होता. अशी मळकी वस्तू नाना मित्राच्या हातात कशी देणार?

त्यांनी ती खोलली. खुंट्या, तारांखालची पट्टी आणि ज्यातून आवाज निघून स्पीकरकडे जातो ते पिकअप, असे धातूचे जे जे दिसले ते ते सोडवले. पातळ केलेल्या तेजाबात बुडवले, रिठ्याच्या पाण्याने घासले, वाळवून पुन्हा जागच्या जागी बसवले. पिकअपच्या डबीत केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. सोन्याच्या माणसाला एवढेच ठाऊक, की जे अस्सल असते ते तेजाबातून सुखरूप बाहेर येते.

पुढच्या वर्षी जत्रेच्या दिवशी आबांच्या ओसरीवर गाव जमले. नानांनी गोधडी सोडली. लाकूड झळझळत होते. खुंट्यांना बारीक खड्डे पडले होते, पण त्याही चमकत होत्या. आबांनी आठ तारा एक एक बोट लावून मोजल्या आणि पार्टीतल्या पोरांकडे नुसते पाहिले. मी वायर जोडली, आवाज पूर्ण वाढवला, तार छेडली. स्पीकरमधून काहीच आले नाही. वायर बदलली, स्पीकर बदलला. मी पिकअपची डबी उघडली, तर आत हिरवट चिखल. "ह्यो कशानं झाला?" मी विचारले. नाना म्हणाले, "मी धुतलं. तेजाबात." मागून कुणीतरी फिसकन हसले.

मला वर बघवेना. नानांचा रुमाल हातात होता. तो त्यांनी घडी करून खिशात घातला. मग "चप्पल भाईर ऱ्हायली" असे काहीसे पुटपुटत ते उठले. जेवायला घरी आलेच नाहीत. पालखी निघायच्या आत ते परतीच्या गाडीत बसल्याचे आम्हाला दुसऱ्यांकडून कळले.

माणसे पांगल्यावर आबांनी मला गिटार त्यांच्या मांडीवर ठेवायला सांगितली. तिच्या लाकडावर जबडा टेकवून ते म्हणाले, "वाजव." मी वाजवली. आबांनी डोळे मिटले. कान गेलेल्या त्या माणसाला हाडातून ऐकू येत होते. "दोगी बोलत्यात रं," ते म्हणाले, "पायातनंबी आन् वरनंबी." त्यांनी लगेच नानांना फोन लावायला लावला आणि ओरडून सांगितले, "नाना, वाजतंय! मला ऐकू येतंय! तू माघारी ये." पलीकडून नाना "बरं, बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला.

नंतर मीही त्यांना परोपरीने समजावले. नाना म्हणायचे, "त्याला माजी हाक ऐकू येत न्हाई, बिनआवाजाची गिटार ऐकू येती व्हय? मला बरं वाटावं म्हणून बोलतोय. लय मोठ्या मनाचा हाय. मी कोणत्या तोंडानं येऊ?" त्यानंतर ते दिवाळीला आले नाहीत, घरच्या लग्नाला आले नाहीत. आबा रोज दुपारी मला वाजवायला लावायचे आणि वाजवून झाले की विचारायचे, "नाना कवा येतोय?" मी काहीतरी कारण सांगायचो.

नाना आले ते आबांची राख सावडायला. ओढ्यावरून परतताना ते सगळ्यांच्या मागे, एकटेच चालत होते. मी त्यांचा हात धरून त्यांना आबांच्या घरी नेले. गिटार कॉटवरच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. मी म्हणालो, "नाना, एकदा गाल टेका हितं." ते नको नको म्हणत होते. शेवटी माझा आग्रह मोडवेना म्हणून वाकले, आबा टेकवायचे तिथेच त्यांनी गाल टेकवला. मी तार छेडली.

सूर विरेपर्यंत नाना तसेच वाकून राहिले. "आजून एकदा," ते म्हणाले. मी पुन्हा वाजवले.

"दोगी बोलत्यात की रं," ते म्हणाले. गाल त्यांनी उचललाच नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरं सांगत व्हता त्यो. ये म्हणला व्हता. आन् मी फोन ठिवला."

आता नाना गावीच असतात. कोईमतूरचे दुकान मुलगा बघतो. परवा आमच्याकडे जेवायला होते. माझ्या बायकोने मुद्दाम त्यांच्या ताटात डागाळलेला चमचा ठेवला, तिला वाटले, पूर्वीसारखा रुमाल निघेल. नानांनी चमचा उचलला, आमटीत बुडवला आणि खाली मान घालून जेवू लागले.