पांडान माघारी वळला

तुम्ही आजवर कुणाला मोकळं केलंय का? पिंजऱ्यातला पोपट, बरणीतला मासा, टबातलं कासव? केलं असेल, तर पुढे त्याचं काय झालं हे बघायला किती वेळ थांबला होतात?

मी थांबणार नव्हते. सुटका झाली की टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा आणि जेवायला जायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं.

सिंगापूरला येऊन मला दोन वर्षं झाली. मी धातूंवर संशोधन करते आणि बुकित तिमाहला दादा-वहिनीच्या फ्लॅटमध्ये राहते. शनिवार-रविवार आम्ही घरात सापडत नाही. दक्षिणेच्या एका बेटावर धक्क्याखाली फिरणारी हातभर शार्कची पिल्लं आम्ही मोजली आहेत. घोड्याच्या नालेसारखा दिसणारा खेकडा बघायला ओहोटीच्या चिखलात गुडघाभर रुतलो आहोत. वहिनीची एक चप्पल अजून तिथेच आहे. या सगळ्याची म्होरकी म्हणजे माझी आठ वर्षांची भाची, मैत्री.

तिच्याकडे एक कासव होतं. हिरवं, तळहाताएवढं, डोळ्यामागे लाल पट्टा. केकला हिरवा रंग आणि वास देणाऱ्या पानावरून तिने त्याचं नाव पांडान ठेवलं. दादा त्याला पांडू म्हणतो. पांडान बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या टबात राहायचा आणि दिवसभर काठावर नखं घासायचा. तो आवाज मला सहन होईना.

कारण मी पत्रकांच्या घरात वाढले आहे. पप्पा पिंपरीला कारखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी ते पत्रकं छापून वस्तीत वाटत: नवस करू नका, बोकड कापू नका, मत विकू नका. घड्या घालायचं काम माझं. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. म्हणून पांडानसाठी मीही एक पत्रक लिहिलं, ‘टबातल्या कैद्याला मुक्त करा’. एक प्रत फ्रिजवर लावली आणि एक महाराष्ट्रातल्या सगळ्या नातेवाइकांना फोनवर पाठवली.

“आत्या, बट ही लाइक्स मी,” मैत्री म्हणाली.

“कैद्याला जेलर आवडतो, असं जेलरला नेहमीच वाटतं,” मी म्हणाले.

वहिनी भाजी चिरत होती. “आठ वर्षांच्या पोरीशी बोलतेयस तू. सभेत नाहीयेस.”

पण मैत्रीने रडून, विचार करून होकार दिला. वेसाकला, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेला, इथे सुट्टी असते. त्या दिवशी काही लोक मासे, पक्षी सोडतात. प्राणी सोडू नका, अशा पाट्या तलावांवर असतात. मी त्या वाचल्या होत्या. पण पाट्या तलावाच्या होत्या आणि मी समुद्रावर चालले होते. तीन वर्षांपूर्वी कोकणात कासवाची पिल्लं समुद्राकडे धावत सुटलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. कासवाचं घर समुद्र, यावर आमच्या घरात कुणाचंच दुमत नव्हतं.

पहाटे एमआरटी (इथली मेट्रो), मग बस असं करत आम्ही चांगीच्या धक्क्यावर पोहोचलो. मैत्रीच्या मांडीवर झाकणाला भोकं पाडलेला आइस्क्रीमचा डबा. समोर पुलाऊ उबिन (पुलाऊ म्हणजे बेट). तिथे जायला लाकडी बोट मिळते, आणि बारा माणसं जमल्याशिवाय ती हलत नाही. आम्ही चार. तासभर वाट पाहिली. तोवर नासी लमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वर तळलेली बारीक मासळी) खाल्लं. बोटवाले अंकल डब्याकडे बघून म्हणाले, “त्याला मोजत नाही हां. अजून आठ पाहिजेत.”

उबिनवर उंच इमारत नाही. पत्र्याची घरं, फणस, दुरियानची झाडं आणि भाड्याच्या सायकली. माझ्या सायकलची चेन दोनदा पडली. चेक जावाला, बेटाच्या पूर्व टोकाला, समुद्रावरून लाकडी वाट जाते. ओहोटी होती. तिवरांच्या मुळांवर निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) बसल्या होत्या. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले खेकडे ती हलवून एकमेकांना बोलावत होते. तेवढ्यात खाडीतून पाच पाणमांजरं ओळीने पोहत गेली. शेवटच्याच्या तोंडात मासा होता आणि बाकीची मागे वळून त्याच्यावर ओरडत होती.

“सेम लाइक अस,” मैत्री म्हणाली.

परत आलो तर सायकलच्या बास्केटमधून थालीपिठांची पिशवी एक रानडुक्कर ओढत नेत होतं. दादा त्याच्यामागे दहा पावलं धावला. डुकराने थांबून त्याच्याकडे पाहिलं आणि दादा चालत परत आला. “भूक नाहीये मला फार,” तो म्हणाला.

गावाजवळच्या एका लहान किनाऱ्यावर आम्ही थांबलो. मैत्रीने डबा उघडला, पांडानला ओल्या वाळूवर ठेवलं, आणि मी फोन सरसावला.

पांडानने मान काढली. समुद्राकडे पाहिलं. मग तो वळला आणि सरळ गवताकडे चालू लागला.

मी त्याला उचलून पुन्हा समुद्राकडे तोंड करून ठेवलं. तो पुन्हा वळला. तिसऱ्यांदाही.

“स्वातंत्र्याची सवय नाही त्याला,” मी म्हणाले. हे वाक्य माझ्या पत्रकातलं होतं.

तेवढ्यात एक लाट त्याच्या अंगावरून गेली. त्याने डोळे घट्ट मिटले. मैत्रीने त्याला उचलून पोटाशी धरलं.

“आत्या, कोकणातल्या बेबीजना हात वल्ह्यासारखे होते. ह्याला बोटं आहेत. नखं आहेत. ती बेबीज पळत गेली होती. कुणी ढकललं नव्हतं.”

मागून आवाज आला, “हे समुद्रातलं नाही, लाह (म्हणजे ‘बरं का’).” किनाऱ्यालगतच्या घरातून एक वयस्कर मलय बाई आल्या होत्या. इथे त्यांना मकचिक (मावशी) म्हणतात. हातात शहाळी तोडायचा कोयता. “गोड्या पाण्यातलं आहे. खाऱ्यात मरतं. लगेच नाही. हळूहळू.”

“तुम्हाला कसं माहीत?” मी विचारलं. माझा आवाज चढलाच होता.

त्या आम्हाला घरामागे विहिरीपाशी घेऊन गेल्या. कठड्यावर कासवांची तळहाताएवढी सात-आठ कवचं ठेवली होती. उन्हाने पांढरी पडलेली.

“दर वेसाकनंतर वाळूवर मिळतात. सोडणारे चांगले लोक असतात. डोळे मिटून हात जोडतात, बोट पकडतात. मागचं आम्ही उचलतो.”

मैत्रीने ती कवचं मोजली नाहीत. ती मोजणारी मुलगी आहे, म्हणून ते मला जास्त लागलं.

मकचिकनी विहिरीचं पाणी काढलं. मैत्रीने पांडानला त्यात धुतलं, डोळे बोटाने हलकेच पुसले. बऱ्याच वेळाने त्याने ते उघडले. मग मकचिकनी सगळ्यांना शहाळी दिली आणि मला म्हणाल्या, “तू पी आधी. तुझं तोंड त्याच्याहून सुकलंय.”

परतीच्या बोटीला बारा माणसं लगेच जमली. अंकलनी डबा पाहिला. “आलं का परत?” वहिनी म्हणाली, “ही कासवं तीस-तीस वर्षं जगतात म्हणे. मैत्रीच्या लग्नात पांडू पुढच्या रांगेत.” सगळे हसले. मीही. वारा गार होता, मैत्री माझ्या खांद्यावर झोपली होती, आणि डब्यात तो नखं घासत होता. या वेळी तो आवाज ऐकत राहावासा वाटला.

घरी येऊन मी आधी करायला हवं होतं ते केलं: या कासवांबद्दल वाचलं. मग पप्पांना फोन लावून सगळं सांगितलं.

“पत्रकात चूक निघाली तर दुरुस्ती कुठे छापायची, शिकवलंय ना मी?”

“त्याच भिंतीवर.”

“आणि?”

“तेवढ्याच मोठ्या अक्षरात.”

“मग माझ्याशी काय बोलतेस? लाव जा. आणि तुझ्या मामेबहिणीला फोन कर. तुझं वाचून ती रविवारी तिचं कासव पवनेत सोडणार आहे.”

तिने अजून सोडलं नव्हतं. नदीत ते जगलंही असतं, पण तिथल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा बळकावून. पांडानला आता मोठी टाकी आहे, चढून बसायला दगड आहे, आणि पाणी बदलायची पाळी कायमची माझी आहे. टबाबद्दल मी बरोबर होते. मोकळं सोडण्याबद्दल चुकले.

तेव्हा ही माझी दुरुस्ती. तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरी डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव असेल, तर ते नदीत, तळ्यात, देवळाच्या कुंडात, समुद्रात, कुठेही सोडू नका. त्याला मोठी जागा द्या. जमत नसेल तर जवळच्या प्राणी बचाव केंद्राला आजच विचारा. आणि माझं ते पहिलं पत्रक तुमच्या फोनवर किंवा कुणाच्या फ्रिजवर दिसलं, तर ते काढा आणि त्याच जागी हे लावा.